आधी कोण आलं

व्हर्लिन स्टकीने खिडकीच्या काचेवरचं दव बाहीने पुसलं, बाहेर पाहिलं, आणि पुन्हा एकदा पुसलं. समोर बर्फात, जेमतेम साठ पावलांवर, पावाची गाडी उभी होती.

गाडी खरोखरच पावाची होती. कुठल्याशा बेकरीने वीस वर्षं वापरून विकून टाकलेली, उंच आणि चौकोनी. तिच्या अंगावर रंगवलेला तीन फुटी पाव अजून पुसला गेला नव्हता. छपरातून एक वाकडं धुराडं वर आलं होतं आणि त्यातून निवांत धूर निघत होता.

"लव्हॉन, ऊठ! आपल्या जागेत कुणीतरी घुसलंय."

"जंगल आहे, व्हर्लिन," पांघरुणातून आवाज आला. "सरकारी आहे. येणारच कुणीतरी."

"तीन लाख एकर जंगल पडलंय! त्यात यांना माझ्या खिडकीसमोरच चूल मांडायची होती? सडका बटाटा!"

व्हर्लिन नेमाने चर्चला जाणारा माणूस. शिवी त्याच्या तोंडात बसत नसे. पण सारा जन्म बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयडाहोत काढलेल्या माणसाला संतापाच्या भरात जे पहिल्यांदा आठवतं, ते त्याच्या तोंडून निघे, आणि ते तो अशा काही आवाजात म्हणे की ऐकणाऱ्याला शिवीच परवडली असती.

त्याच्या रागाला आधार होता. या रानात कुणीही यावं, गाडी लावावी, चौदा रात्री फुकट राहावं. नळ नाही, संडास नाही, भाडं नाही. पण न लिहिलेला एक नियम सगळे पाळत. जिथून पहिल्याचा धूर दिसतो, तिथे दुसऱ्याने गाडी उभी करायची नाही. इथे तर धूर दिसतच होता, शिवाय त्याला लसणाचा वासही येत होता.

खरी गोष्ट मात्र धुराची नव्हती. खरी गोष्ट व्हर्लिनच्या गाडीच्या मागे, उताराच्या कडेला उभी होती. एक देवदार. अकरा वर्षांपूर्वी तो गुडघ्याएवढा असताना व्हर्लिनने त्याला हेरलं होतं. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो ट्रकच्या पाठीवर निवाऱ्याची खोली चढवून इथे येई आणि खाचा पाडलेल्या काठीने झाड मोजून जाई. चहूबाजूंनी सारखं, एकही फांदी कमी नाही, शेंडा सरळ. यंदा ते आठ फुटांना टेकलं होतं, आणि घरच्या बैठकीचं छत नऊ फुटांवर होतं. म्हणजे वर चांदणी लावायला बरोब्बर जागा. अकरा नाताळ त्याने बाजारच्या वाकड्या झाडांवर काढले होते ते या एका झाडाच्या भरवशावर.

अडचण एवढीच की वनखात्याचा परवान्याचा बिल्ला झाडाला बांधल्याशिवाय ते तोडता येत नसे. हॅडली गावातले बिल्ले यंदा आठवड्यात संपले. मुलीने, जनालीने, दुसऱ्या गावातून एक मिळवला होता, पण तिला रजा होती ती थेट दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी. झाड कुणाच्या मालकीचं नसतं. बिल्ला घेऊन जो आधी येईल त्याचं ते. म्हणून व्हर्लिन राखणीला आला होता. शनिवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. त्याला धीर धरवला नाही, शुक्रवारी संध्याकाळीच येऊन पोचला.

"चौदा रात्री मग आदल्या दिवशी संपतील ना?" लव्हॉनने वाटेत विचारलं होतं.

"शुक्रवारची रात्र कोण मोजतंय? नुसतं झोपायचंच तर आहे."

तर आता तो बूट चढवून पावगाडीपाशी गेला आणि दारावर थाप मारली. दार उघडलं. साठीतली एक ठेंगणी, रुंद बाई हातात चिमटा घेऊन उभी. मागे तव्यावर लाल सॉसेज चरचरत होती.

"या, या! मी मायते एचेवेर्या. पहाटे आले तेव्हा तुमच्या गाडीवर इतकं बर्फ होतं, म्हटलं कुणीतरी टाकून दिलेली गाडी दिसतेय."

"टाकून दिलेली?" व्हर्लिनच्या कानशिलावरची शीर उडाली. "बाई, ही जागा घेतलेली आहे."

"कुणी घेतली? सरकारने विकली वाटतं?"

"अंतर ठेवायची रीत असते. साठ पावलांवर कुणी—"

"वर कमरेएवढं बर्फ, खाली कडा. सपाट जागा एवढीच आहे. गाडी काय झाडाला टांगू? आणि साठ कुठली, शंभर असतील."

"मी चौतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलंय. मला मोजमाप शिकवू नका!"

"बरं, मास्तर," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून ते नाव त्याला चिकटलं. "तुम्ही मध्यरात्रीनंतर आला असाल, मी पहाटे आले. दोघंही शनिवारचेच. झालं बरोबर."

"मी शुक्रवारी आलो! संध्याकाळी पाच चाळीसला!"

मागून आलेल्या लव्हॉनने त्याच्या कोटाची बाही ओढली. त्याने हात झटकला.

"पाच चाळीस," तो पुन्हा गरजला. "माझ्या वहीत नोंद आहे. मी आधी आलोय!"

मायतेने सॉसेज उलटलं. "माझा आजा एकोणीसशे तेवीस साली आला होता."

झालं. तिने दोघांनाही मागच्या अ‍ॅस्पनच्या राईत नेलं आणि एका पांढऱ्या खोडावरचं बर्फ हातमोज्याने झाडलं. सालीवर चाकूने कोरलेली, झाडाबरोबर वाढून काळी पडलेली अक्षरं होती, 'जोआनेस एचेवेर्या १९२३'. युरोपातून मेंढरं राखायला आलेला एकटा बास्क पोरगा, उन्हाळाभर बोलायला माणूस नाही, मग तो झाडांशी बोलला. अक्षरांखाली एका बाईचं चित्रही कोरलेलं होतं. ते लव्हॉनने नीट निरखलं आणि मग ती नवऱ्यासमोर आडवी उभी राहिली.

"त्याच्या सगळ्या खुणा कोळशाने कागदावर घासून उतरवून न्यायला आलेय मी," मायते म्हणाली. "ही झाडं शंभरी गाठून पडतात. यंदा नाही तर कधीच नाही. सांगा आता मास्तर, आधी कोण?"

"मेलेली माणसं मोजायची नसतात!" व्हर्लिन ओरडला आणि ताडताड निघून गेला. बर्फात ताडताड जाता येत नाही. तिसऱ्या पावलाला तो मांडीपर्यंत रुतला, आणि पुढचं अंतर त्याने संतापाने खणत पार केलं.

त्या दिवसापासून तो खिडकीशी बसला. मायतेच्या बाजूच्या खिडकीशी. दुसऱ्या बाजूला त्याने ढुंकून पाहिलं नाही. सकाळी तिने बादली कुठे ओतली, दुपारी राईतून किती वाजता परतली, संध्याकाळी तिचं अकॉर्डियन किती मिनिटं वाजलं, सगळं वहीत उतरत गेलं. लव्हॉन स्वयंपाक करी, मोरीत भांडी घाशी, आणि रोज दुपारी सतरंजी झटकायला म्हणून बाहेर पडे. सतरंजी झटकायला तिला दोन दोन तास लागू लागले. परत येई तेव्हा तिला लसणाचा आणि लाल घेवड्याच्या रश्श्याचा वास येई.

"तू तिच्याकडे जेवून येतेस!"

"पत्ते खेळायला जाते. मुस म्हणतात त्या खेळाला. जोडीदाराला डोळा मारून खुणा करायच्या असतात, दोघीच आहोत तरी मारतो. व्हर्लिन, चाळीस वर्षांत मी डोळा मारला नव्हता."

"तिला झाडाबद्दल बोललीस?"

"नाही रे बाबा."

"बोलू नकोस. नाव काढलंस तर तिला झाड दिसेल!"

ही खरी पंचाईत होती. झाडावरून भांडायचं, पण झाडाचं नाव घ्यायचं नाही. त्यामुळे त्याला धुरावरून, अंतरावरून, अकॉर्डियनवरून भांडावं लागे, आणि पोटातला मूळ राग आहे तिथेच राही.

पाचव्या दिवशी तो झाड मोजायला मागे गेला आणि जागच्या जागी थिजला. देवदाराच्या खालच्या फांद्यांवर लोकरीचे लाल मोजे वाळत घातले होते. चार जोड.

"काढा ते!" त्याच्या आवाजाने वरच्या फांदीवरचं बर्फ त्याच्याच टोपीवर कोसळलं. "झाडावर मोजे?"

"ऊन फक्त तिथेच येतं," मायते आरामात म्हणाली. "आणि मास्तर, असल्या झाडावर मोजे शोभतातच की. नाताळ आलाय."

नाताळ! म्हणजे हिला कळलं होतं. हिच्याकडे बिल्ला होता. आजोबा, कागद, कोळसा, सगळं सोंग. ही बया झाडासाठीच आली होती.

त्या दुपारी व्हर्लिनने वनखात्याला तीन पानी तक्रार लिहिली. मुद्दे क्रमांक घालून लिहिले. पहिला अंतराचा. दुसरा अकॉर्डियनचा. तिसरा, सदर बाई भांड्यांचं पाणी उघड्यावर ओततात, त्यात अन्नाचे कण असतात, त्याने जनावरं येतात आणि जंगलाचं पावित्र्य बिघडतं. चौथ्या मुद्द्याला त्याने सर्वांत जास्त जागा दिली. मी येथे शुक्रवार संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांपासून आहे, सोबत वहीतल्या पानाची नक्कल जोडली आहे, तरी आधी कोण आलं याचा निवाडा व्हावा.

"हे पाठवू नकोस," लव्हॉन म्हणाली.

"का? एक शब्द खोटा आहे का?"

"नाही ना. म्हणूनच."

बर्फावरची फटफटी घेऊन एक शिकारी खाली हॅडलीकडे चालला होता. व्हर्लिनने ते पाकीट त्याच्या हाती दिलं, आणि त्या रात्री गेल्या पाच दिवसांत पहिल्यांदा त्याला शांत झोप लागली.

निवाडा करायला वनखात्याच्या रेंजरबाई आल्या त्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळी अकराला. लिओना एडमो त्यांचं नाव. शोशोनी बाई, या डोंगरांतल्या मूळ जमातीची, उंच, कमी बोलणारी, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. त्यांच्या हातात ते तीन पानी पत्र होतं. व्हर्लिन ते पाहून बूट न बांधताच खाली उतरला.

"हे पत्र तुमचं, मिस्टर स्टकी?"

"माझंच. शब्दन् शब्द."

"छान लिहिलंय. तारखा-वेळा इतक्या नीट कुणी देत नाही." त्यांनी चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "तुम्ही आधी आलात हे तुम्ही सिद्ध केलंत."

व्हर्लिनने मायतेकडे पाहिलं. पावगाडीच्या पायरीवर ती कॉफी पीत बसली होती. "ऐकलंत? सिद्ध!"

"म्हणजे तुमच्या चौदा रात्री काल संपल्या," रेंजरबाई म्हणाल्या. "तुम्ही आज निघायचं. यांच्या उद्या संपतात."

व्हर्लिनने बोटांवर रात्री मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या.

"पण... शुक्रवारची रात्र... नुसते झोपलो होतो आम्ही," व्हर्लिन म्हणाला.

"रात्रीचं तेच करतात."

"उद्या दुपारी माझी मुलगी येतेय! एक दिवसाचा प्रश्न आहे! ही बाई राहणार आणि मी जाणार? मी आधी आलोय!"

"आधी आलेला आधी जातो, मिस्टर स्टकी. आणि आधी कोण आलं यावर जर खरंच बोलायचं असेल," रेंजरबाईंनी पत्राची घडी घातली, "तर माझ्याकडेही थोडंफार आहे."

मायते कॉफीत खोकली. व्हर्लिन लाल झाला, जांभळा झाला, तरातरा गाडीत चढला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गिअर टाकला. इंजिन ओरडलं, ट्रक कण्हला, पण जागचा हलला नाही.

सगळे ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेले, जिकडे व्हर्लिनने दोन आठवडे पाहिलं नव्हतं. मोरीची नळी तिथेच खाली सोडलेली होती. 'जाऊ दे गळत, आपलं पाणी स्वच्छ असतं,' असं त्याने पहिल्याच दिवशी लव्हॉनला सांगितलं होतं. चौदा दिवस ते थेंब थेंब गळलं होतं आणि गळेल तसं गोठलं होतं. मागची दोन्ही चाकं बर्फाच्या एकाच निळसर ठोकळ्यात अर्ध्यापर्यंत बुडाली होती. ठोकळा काचेसारखा नितळ होता. आत सात मॅकरोन्या, एक वाटाणा आणि गाजराची एक चकती, वस्तुसंग्रहालयात मांडावीत तशी स्पष्ट दिसत होती.

रेंजरबाईंनी पत्र उघडलं. "मुद्दा तिसरा," त्यांनी वाचलं. "'त्यात अन्नाचे कण असतात.'"

"सडका..." व्हर्लिन म्हणाला, पण बटाटा त्याच्या घशातच अडकला.

आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला. "ट्रक अडकलाय!" तो म्हणाला. "अडकलेली गाडी कशी काढणार? नियमच आहे, अडकलेल्याला सूट! आता उद्यापर्यंत काही निघत नाही हा. अरेरे. काय करणार!"

"सूट आहे," रेंजरबाई म्हणाल्या. "निघेपर्यंत. मी वरच्या फाटकाला कुलूप घालून तीनला परत येते. पाण्याबद्दल पहिली वेळ म्हणून ताकीद देते. पण त्या मॅकरोन्या वेचून पिशवीत भरायच्या. सातही."

त्यांची गाडी वळणाआड जाते न जाते तोच मायते पायरीवरून उठली, आत गेली आणि मेंढपाळाच्या तंबूचे खुंट ठोकायची तिच्या आजाची पहार घेऊन आली.

"काय करताय?" व्हर्लिनने विचारलं.

"मदत. तुम्ही आज निघणार म्हटल्यावर हातात काय बळ आलंय बघा, मास्तर!"

"हात लावायचा नाही माझ्या बर्फाला!"

"सरकारी जंगल, सरकारी बर्फ!" आणि तिने पहिला घाव घातला.

व्हर्लिनने पहार धरली. तिने ओढली. त्याने ओढली. तेवढ्यात लव्हॉन उकळत्या पाण्याची किटली घेऊन उतरली आणि थेट चाकावर ओतली.

"लव्हॉन! तू कुणाच्या बाजूची?"

"गरम पाण्याच्या आंघोळीच्या!" लव्हॉन किंचाळली. चाळीस वर्षांत तिने आवाज चढवला नव्हता. डोळा मारायला शिकल्यापासून तिचं सगळंच सैल झालं होतं. "चौदा दिवस! चौदा दिवस एका झाडासाठी ओल्या फडक्याने अंग पुसतेय मी!"

मायतेची पहार थांबली. "झाडासाठी? कुठल्या?"

"त्या!" लव्हॉनने बोट दाखवलं. "तू ते तोडशील म्हणून हा राखण करतोय!"

मायतेने देवदाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या गाडीकडे, मग व्हर्लिनकडे. "मी? आठ फुटी झाड? पावगाडीत? आणि मी झोपू कुठे मास्तर, धुराड्यात? मला वाटलं तुम्हाला माणूसच सोसत नाही! अहो, तोंडाने सांगितलं असतंत तर मोजे दुसरीकडे वाळत घातले असते की!"

स्वतःचं चुकलं की व्हर्लिन अधिकच भडके. "मग असंच असेल तर काढतो ट्रक! आत्ता काढतो! एक मिनिट राहत नाही इथे!" तो गाडीत चढला. किल्ली, गिअर, आणि मग पायातला दोन आठवड्यांचा सगळा राग एकदम खाली दाबला.

राग उलट्या गिअरमध्ये होता.

बर्फाचा ठोकळा बंदुकीसारखा कडाडून फुटला. ट्रक सुटला, मागे घसरला, आणि आपल्याच मोरीच्या पाण्याच्या गुळगुळीत काचेवरून सावकाश, डौलात, कुणाच्याही आवाक्याबाहेर उताराच्या कडेकडे निघाला. त्याला फक्त एका गोष्टीने थांबवलं. चहूबाजूंनी सारखी, शेंडा सरळ. कट्ट असा छोटासा आवाज झाला.

व्हर्लिन खाली उतरला. देवदार बुंध्याशी मोडून बर्फावर आडवा पडला होता. एकही फांदी दुखावली नव्हती. तो त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि सवयीने कोटात खोचलेली खाचांची काठी काढून त्याने झाड मोजलं. आठ फूट. बरोब्बर.

तीनला रेंजरबाई आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता. त्यांनी झाड पाहिलं, चाकांच्या खुणा पाहिल्या, मॅकरोन्या मोजून घेतल्या.

"बिल्ला उद्या येतोय?"

"दुपारी," लव्हॉन म्हणाली.

"अपघाताने पडलेलं झाड. उद्या त्याला बिल्ला लागला की माझं काम संपलं. तोवर ते इथून हलवायचं नाही. पण तुम्ही मात्र आज निघायचं."

"मग रात्रभर झाड कोण सांभाळणार?" व्हर्लिनने विचारलं. "वाटेवरचा कुणीही येऊन उचलेल!"

त्या जागेत उद्या दुपारपर्यंत राहायचा हक्क असलेलं एकच माणूस होतं, आणि ते पावगाडीच्या पायरीवर बसून नखं बघत होतं. व्हर्लिनने दोनदा घसा साफ केला. दोन्ही वेळा घशातून रागच निघाला.

"मायतेबाई," शेवटी तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला, "झाडावर... मोजे वाळत घातलेत तरी चालेल."

"एका अटीवर, मास्तर. तुमची वही आणा. लिहा: या जागी एचेवेर्या आधी आले."

त्याने लिहिलं. पेन्सिलचं टोक मोडलं, तासलं, पुन्हा लिहिलं. मायतेने वाचून मान डोलावली. रेंजरबाईंनी हात पुढे केला, वही घेतली, 'आधी' या शब्दावर एक बारीक रेघ मारली आणि वर लिहिलं 'नंतर'. मग खाली स्वतःची सही करून वही परत दिली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास स्टकींचा ट्रक बर्फातून खाली उतरत होता. लव्हॉन हॅडलीच्या मोटेलमधल्या गरम पाण्याबद्दल बोलत होती. पाचेक मैलांवर एका वळणाशी नवी आलेली गाडी लावलेली होती, आणि दिवे दिसताच एक म्हातारा फावडं उगारत रस्त्यावर धावून आला.

"पुढे व्हा! पुढे! ही जागा घेतलीय! मी आधी आलोय, दुपारी दोन दहाला!"

व्हर्लिनने करकचून ब्रेक दाबला आणि काच खाली केली. त्याचा चेहरा पुन्हा लाल झाला होता.

"अरे गाढवा!" तो ओरडला. चौसष्ट वर्षांत त्याने दिलेली ती पहिली शिवी होती. "आलास तर आलास! पण कुणाला ते लिहून देऊ नकोस!"